रिझर्व्ह बँकेचा दर आणि आपला कागद

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

दर दोन महिन्यांनी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एक बातमी येते. रिझर्व्ह बँकेनं रेपो दर पाव टक्क्यानं घटवला, किंवा वाढवला, किंवा होता तसाच ठेवला. बोईसरला कर्ज काढून वन रूम किचन घेतलेला कामगार ती वाचून एवढंच विचारतो, की हप्ता कमी होणार का? तारापूरच्या एमआयडीसीतला छोटा कारखानदार आपल्या बँकेच्या मॅनेजरला फोन लावतो. आणि पालघर-डहाणूच्या पूर्वेकडच्या एखाद्या पाड्यावरची बाई, जिला लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी चार पैसे उसने काढायचे आहेत, ती बातमी वाचतच नाही. तिच्या कर्जाच्या व्याजाशी या बातमीचा काही संबंध आहे, असं तिला कुणी सांगितलेलं नसतं.

मी अर्थशास्त्रज्ञ नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण उमेदीची काही वर्षं तारापूरच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेली, तेव्हापासून या दराचं कुतूहल आहे. मुंबईच्या मिंट रोडवरून निघालेला हा दर शंभरेक किलोमीटरवरच्या बोईसरला कसा पोहोचतो? वाटेत कुठे थांबतो? हा इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती आधीच सांगून टाकतो. दर किती, हे आपण नेहमी विचारतो. त्याच्या आधीचा प्रश्न असतो : कोणता कागद चालतो?

रिझर्व्ह बँक तुम्हा-आम्हाला कर्ज देत नाही. ती बँकांची बँक. आपण बँकेत ठेवलेले पैसे बँक तिजोरीत ठेवून बसत नाही, कर्जाऊ देते. मग एखाद्या दिवशी ठेवी काढणारे आणि कर्ज मागणारे एकदमच आले, तर हाताशी रोकड कमी पडते. आपल्या देशात असे दिवस ठरलेले असत. दिवाळीनंतर भात खळ्यावर येतं, आपल्याकडचं गवत कापून गंज्या रचल्या जातात, तिकडे कापूस बाजारात येतो. नोव्हेंबर ते एप्रिल व्यापाऱ्यांना पैसा हवा असतो, पावसाळ्यात त्याला मागणी नसते. जुन्या काळी त्यामुळे हिवाळ्यात व्याजाचे दर चढत आणि पावसाळ्यात उतरत. पिकांसारखा पैशालाही हंगाम होता. टंचाईच्या वेळी बँकांना हात देणारी वरची बँक नव्हती. १८४०मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे कापसाच्या सट्ट्यानंतर १८६८मध्ये गुंडाळावी लागली. १९१३मध्ये मुंबईचीच इंडियन स्पेसी बँक बुडाली. अशा बऱ्याच पडझडीनंतर आणि बऱ्याच समित्यांनंतर १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया सुरू झाली. तिचं मध्यवर्ती कार्यालय आधी कलकत्त्याला होतं, ते १९३७मध्ये कायमचं मुंबईला आलं.

आता ही बँक इतर बँकांना पैसे देणार कशावर? कायद्यानं पहिलं उत्तर दिलं ते हुंडीवर. हुंडी म्हणजे व्यापारातला कागद. मी तुम्हाला माल दिला, तुम्ही पैसे तीन महिन्यांनी देणार असं मी लिहून काढलं आणि तुम्ही त्यावर मान्यतेची सही केली, की झाली मुदती हुंडी. मला तीन महिने थांबवत नसेल, तर मी ती बँकेला देतो. बँक तीन महिन्यांचं व्याज आधीच कापून उरलेली रक्कम माझ्या हातावर ठेवते. या कापून घेतलेल्या रकमेला आपल्या बाजारात वटाव म्हणतात. आणि बँकेलाच पैशांची नड असेल, तर ती हीच हुंडी रिझर्व्ह बँकेकडे नेऊन पुन्हा वटवते. रिझर्व्ह बँक ज्या दरानं अशा हुंड्या वटवायला तयार असते, तो 'बँक दर'.

कायद्यात अट अशी होती, की हुंडीवर किमान दोन भरवशाच्या सह्या हव्यात आणि त्यातली एक शेड्यूल्ड बँकेची हवी. दोन सह्या. हा शब्द लक्षात ठेवा.

पहिला बँक दर जुलै १९३५मध्ये जाहीर झाला, साडेतीन टक्के. नोव्हेंबरमध्ये तो तीन टक्क्यांवर आला आणि तिथेच थांबला. किती काळ? नोव्हेंबर १९५१पर्यंत, म्हणजे सोळा वर्षं. मधे दुसरं महायुद्ध झालं, महागाई झाली, देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली. बँक दर तीन टक्केच. युद्धकाळात स्वस्त पैशाचं धोरण होतं, आणि बँकांकडे ठेवी इतक्या साचल्या होत्या की रिझर्व्ह बँकेच्या दारात जायची त्यांना फारशी गरजच पडत नव्हती.

या सोळा वर्षांतली जवळपास सहा वर्षं रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एक मराठी गृहस्थ होते. चिंतामणराव देशमुख. रायगडाजवळच्या नाते गावात जन्मलेले, म्हणजे आपल्या कोकणातलेच. ऑगस्ट १९४३मध्ये ते गव्हर्नर झाले, त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. कालिदासाचं 'मेघदूत' त्यांनी मराठीत आणलं, म्हणून आम्हा कवितेच्या लोकांना त्यांच्याबद्दल जास्तच जवळीक. जुलै १९४४मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत जगाच्या चलनव्यवस्थेची घडी बसत होती, तेव्हा भारताच्या वतीनं बोलणाऱ्यांत ते होते.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, मे १९४५मध्ये, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली. उंबरगावचा बराचसा भाग १९६०नंतर गुजरातेत गेला; डहाणू, तलासरी, पालघर आपल्याकडे राहिले. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी किसान सभेच्या वतीनं वारल्यांना उभं केलं ते वेठबिगारीविरुद्ध आणि 'लग्नगडी' या प्रथेविरुद्ध. लग्नगडी म्हणजे काय? लग्नासाठी जमीनदाराकडून थोडीशी रक्कम घ्यायची आणि ती फिटेपर्यंत त्याच्या घरी राबायचं. एकट्यानं नव्हे, बायकोसकट. ती रक्कम बहुतेक वेळा फिटतच नसे, कारण हिशेब जमीनदाराच्या चोपडीत, आणि चोपडी वाचणारा जमीनदारच. गोदूताईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ही सगळी हकिगत आहे. परुळेकर येण्याआधीही हे सरकारला ठाऊक नव्हतं असं नाही. तिसाच्या दशकाअखेर मुंबई सरकारनं डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याला आदिवासी भागांच्या पाहणीसाठी नेमलं होतं, आणि त्याच्या अहवालातही कर्ज आणि वेठ यांचं वर्णन आहे.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. मिंट रोडवर दर तीन टक्के. तिथून आगगाडीनं काही तासांच्या अंतरावर कर्जाचं व्याज म्हणजे माणसाचं उभं आयुष्य. एकाच प्रांतात, एकाच रुपयावर. यात चिंतामणरावांचा दोष काढण्याचा हेतू नाही. त्यांच्या बँकेच्या खिडकीवर दोन सह्यांचा कागद लागत होता, आणि वारल्याकडे होता अंगठा. तोही त्यानं वाचू न शकलेल्या कागदावर उठवलेला. तीनऐवजी दर एक टक्का केला असता, तरी झरीच्या माणसाला काही फरक पडला नसता.

कागदाचं आणि कर्जाचं हे नातं आपल्या मातीत जुनं आहे. १८७५मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, सुपे गावापासून सुरुवात झाली. त्यांनी मुख्यतः काय केलं? सावकारांकडचे कर्जरोखे ताब्यात घेतले आणि जाळले. धान्य किंवा सोन्यापेक्षा त्यांना कागद महत्त्वाचा वाटला. त्याच्याही आधी देहूच्या महाजनाच्या घरात जन्मलेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली आणि भावाच्या वाट्याची भावाला दिली, असं परंपरा सांगते. पुढे अभंगांच्या वह्याही त्याच नदीत गेल्या, पण त्या तरल्या, असंही परंपराच सांगते.

मी मुसलमान घरातला. आमच्याकडे व्यापार हलाल आणि व्याज हराम, हे लहानपणीच कानावर पडतं. पण कुराणातली सगळ्यात मोठी आयत कशाबद्दल आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ती कर्ज लिहून ठेवण्याबद्दल आहे. उसनं देता-घेता तेव्हा लिहा, लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, मजकूर कर्जदारानं सांगावा, साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय. मजकूर कर्जदारानं सांगावा, ही अट मला फार महत्त्वाची वाटते. एका परंपरेत कागद बुडवायचा, दुसरीत तो नीट लिहायचा. पण दोन्हींना ठाऊक आहे, की कागद एकाच बाजूच्या हातात असला की कर्ज हे कर्ज राहत नाही.

आता रिझर्व्ह बँकेकडे परत येऊ. आपली खिडकी फार उंचावर आहे, हे तिलाही कळत होतं. १९३७मध्ये तिनं देशी शराफांना थेट जोडून घेण्याची योजना मांडली. अट अशी, की त्यांनी सावकारीखेरीज इतर व्यापार सोडावा आणि हिशेब बँकांसारखे ठेवावेत. शराफांनी ते मानलं नाही. गावापर्यंत पोहोचणारा तो एक दुवा तिथेच तुटला.

नोव्हेंबर १९५१मध्ये बँक दर सोळा वर्षांनी हलला आणि साडेतीन टक्के झाला. त्यापाठोपाठ जानेवारी १९५२मध्ये गव्हर्नर बेनेगल रामराव यांनी हुंडीबाजाराची योजना आणली. बँकांनी आपली कर्जं मुदती हुंड्यांच्या रूपात आणावीत, त्यांच्या आधारावर रिझर्व्ह बँक त्यांना पैसे देईल, तेही बँक दरापेक्षा अर्धा टक्का कमी व्याजानं. हुंडीवरच्या स्टॅम्पाचा अर्धा खर्चही रिझर्व्ह बँक सोसणार. सवलत मोठी होती. पण सुरुवातीला एकेक हुंडी किमान एक लाख रुपयांची हवी, असा नियम होता. १९५२चे एक लाख! मर्यादा नंतर खाली आणली, तरी हा कागद कुणाचा होता हे सांगायला नको.

या योजनेचा शेवट नाट्यमय झाला. १९५६च्या अखेरीस अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी हुंड्यांवरचा स्टॅम्प बराच वाढवला. दर तसाच, पण बँकांना पैसा महाग. म्हणजे रिझर्व्ह बँकेला न विचारता दर वाढवल्यासारखंच झालं. रामराव आणि मंत्री यांच्यात खडाजंगी झाली आणि जानेवारी १९५७मध्ये रामरावांनी पद सोडलं. त्याच वर्षी मे महिन्यात बँक दरच चार टक्के झाला. पैशाची किंमत ठरवायची कुणी, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

गावासाठी मात्र दुसरा रस्ता तयार होत होता. रिझर्व्ह बँकेनं १९५१-५२मध्ये देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी करवली. तिच्या समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि सदस्यांत पुण्याचे धनंजयराव गाडगीळ. १९५४मध्ये अहवाल आला. शेतकऱ्याच्या कर्जात सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के, सहकारी संस्थांचा ३ टक्के आणि व्यापारी बँकांचा १ टक्क्याच्या आसपास. या अहवालानंतर १९५५मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि सहकाराला बळ मिळालं. रिझर्व्ह बँक राज्य सहकारी बँकेला शेतीच्या हंगामासाठी बँक दरापेक्षा दोन टक्के कमी दरानं, म्हणजे दीड टक्क्यानं पैसे देत होती. ते राज्य बँकेकडून जिल्हा बँकेकडे, तिथून गावच्या सोसायटीकडे आणि मग शेतकऱ्याकडे. प्रत्येक पायरीवर थोडं व्याज चढायचं. तरीही ते सावकारापेक्षा कितीतरी स्वस्त पडायचं. १९८२मध्ये हे काम नाबार्डकडे गेलं. पालघर-डहाणूच्या किनारपट्टीवर ज्यांच्या नावावर वाडी होती, शेत होतं, त्यांना ही साखळी उपयोगी पडली. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, ते सोसायटीचे सभासदच होऊ शकले नाहीत. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला तो १९७६मध्ये, झरीच्या परिषदेनंतर एकतीस वर्षांनी.

दरम्यान आमचा मुलूख बदलला. १९६९मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. सत्तरच्या दशकात बोईसरजवळ एमआयडीसी उभी राहिली. रसायनं, कापड, औषधं, पोलाद. या मालासोबत कागदही आला. रिझर्व्ह बँकेनं १९७०मध्ये नवी हुंडी योजना काढली होती. आधीच्या योजनेत साध्या कर्जालाच हुंडीचं रूप दिलं जायचं. आता प्रत्यक्ष माल विकल्याची हुंडी हवी, असं ठरलं.

मी तिथे कारकून म्हणून लागलो ते १९९१ साली. कापडावर प्रक्रिया करणारा छोटा कारखाना. आठवड्यातून दोनदा बिलांची पिशवी घेऊन बोईसरच्या बँकेत जायचं, हे माझं काम. त्या वर्षी देशाकडे परकीय चलन उरलं नव्हतं, सोनं गहाण पडलं होतं. जुलैमध्ये बँक दर १० टक्क्यांचा ११ झाला, ऑक्टोबरमध्ये १२. मोठ्या कर्जांवरचा किमान दर २० टक्क्यांपर्यंत गेला. २० टक्क्यांनी लाख रुपयांचं नव्वद दिवसांचं बिल वटवलं, तर वटाव होतो ४ हजार ९३१ रुपये. आमचा त्या बिलातला नफा कधी कधी तेवढाही नसायचा. त्यात एका मोठ्या गिऱ्हाइकानं मुदतीत पैसे दिले नाहीत. दोन वर्षांत कारखान्याला टाळं लागलं आणि साठेक माणसं घरी बसली. त्या माणसांतल्या कुणालाही बँक दर हा शब्द माहीत नव्हता.

त्याच सुमारास मुंबईत कागदाचा दुसराच खेळ उघडकीला आला. बँका आपसांत सरकारी रोखे आज विकून काही दिवसांनी परत घेण्याचे व्यवहार करत असत. रोखे प्रत्यक्ष न देता 'बँक रिसीट' नावाची पावती द्यायची चाल पडली होती. १९९२मध्ये हर्षद मेहता प्रकरणात दिसलं, की कित्येक पावत्यांच्या मागे रोखेच नव्हते. अशा पोकळ पावत्या देणाऱ्यांत एक नाव आपल्या साताऱ्याकडचं होतं, बँक ऑफ कराड. ती बँक त्याच वर्षी बंद पडली आणि पुढे तिचा कारभार बँक ऑफ इंडियाकडे गेला. ज्याच्याकडे खरी हुंडी होती तो २० टक्के मोजत होता, आणि पावतीमागे काहीच नसणाऱ्याला शेकडो कोटी मिळत होते.

त्या धड्यानंतर रोख्यांची नोंद संगणकावर आली, आणि आज आपण ज्याला रेपो म्हणतो तो व्यवहार जून २०००पासून रिझर्व्ह बँकेनं पद्धतशीर सुरू केला. रेपो समजायला अवघड नाही. घरातल्या पाटल्या सोनाराकडे ठेवून पैसे आणायचे आणि व्याजासकट परत करून पाटल्या सोडवायच्या, तसंच हे. इथे पाटल्यांच्या जागी सरकारी रोखे. बँक ते रिझर्व्ह बँकेला विकते, आणि ठरल्या दिवशी थोड्या जास्त किमतीला परत घेण्याचा करार त्याच वेळी करते. ती जास्तीची रक्कम म्हणजे व्याज. ६ टक्के दरानं १०० कोटी रुपये एका दिवसासाठी घेतले, तर सुमारे १ लाख ६४ हजार रुपये. उलट बँकांकडे पैसा जास्त झाला आणि तो त्यांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवला, तर तो रिव्हर्स रेपो. ही नावं आपल्याकडे २००४पर्यंत बरोबर उलटी वापरत, हीसुद्धा एक गंमत. जुना बँक दर कागदोपत्री राहिला. रोजच्या कामाचा दर रेपोच झाला. २०१६पासून तो सहा जणांची पतधोरण समिती ठरवते, महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के इकडे-तिकडे, ठेवण्याचं उद्दिष्ट समोर ठेवून.

वर दर बदलला तरी खाली बँका तो लवकर बदलत नाहीत, ही जुनी तक्रार. म्हणून ऑक्टोबर २०१९पासून बदलत्या व्याजाची नवी घरकर्जं आणि छोट्या उद्योगांची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधायची सक्ती झाली. त्याचा परिणाम बोईसरच्या माणसानं दोन्ही बाजूंनी अनुभवला. मे २०२०मध्ये रेपो ४ टक्क्यांवर आला होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत तो साडेसहावर गेला. ७ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी घेतलेल्या २० लाखांच्या कर्जाचा हप्ता साडेपंधरा हजारांच्या आसपास बसतो, साडेनऊ टक्क्यांना तो १८ हजार ६०० होतो. तीन हजारांचा फरक. एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराच्या घरात तीन हजारांना काय अर्थ असतो, ते वेगळं सांगायला नको. २०२५मध्ये दर पुन्हा उतरले, जूनमध्ये रेपो साडेपाच टक्के झाला. तेव्हा दिलासा मिळाला तोही त्यालाच.

म्हणजे हप्तेवाल्यापर्यंत दर पोहोचू लागला, कारण त्याच्याकडे कागद आहे : फ्लॅटचा करार आणि पगाराची स्लिप. छोट्या कारखानदारासाठी जुनी हुंडी नव्या वेषात परत आली आहे. २०१७पासून संगणकावर बिलं वटवण्याचे मंच सुरू झाले. मोठ्या कंपनीनं बिल मान्य केलं की बँका आपसांत स्पर्धा करून ते वटवतात. १९९१मध्ये असं काही असतं, तर आमची पिशवी हलकी झाली असती. पण त्यातही मोठ्या गिऱ्हाइकानं बिल मान्य करावं लागतं. चिंचणी-वरोरकडे घरोघर दागिन्यांच्या डाय कोरणारा कारागीर कुणावर बिल काढणार? बचत गटातल्या बाईला मायक्रोफायनान्सचं कर्ज मिळतं ते बऱ्याचदा वीस टक्क्यांच्या पुढच्या व्याजानं. रेपो चारावर असतानाही आणि साडेसहावर असतानाही.

आणि झरीच्या परिषदेला गेलेल्यांची नातवंडं? त्यांच्यातल्या अनेकांच्या हाती आता पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा कागद आला आहे. २००६च्या वनहक्क कायद्यानं कसत असलेल्या वनजमिनीचा पट्टा मिळतो, नवरा-बायको दोघांच्या नावानं. तो वारसांना जातो, पण विकता येत नाही. जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून ही अट, आणि ती योग्यच आहे. मात्र जी जमीन विकता येत नाही, ती बँकेच्या लेखी तारण म्हणून कमी मोलाची ठरते. दुसऱ्या बाजूला रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, की शेतीसाठी दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही. ही मर्यादा १ जानेवारी २०२५पासून एक लाख साठ हजारांवरून वाढवण्यात आली. तारण नको, जमीन कसत असल्याचा कागद आहे, पीककर्जाचा दर सवलतीचा आहे. सगळं जुळून आलेलं दिसतं.

म्हणून पुढच्या वेळी रेपोची बातमी वाचाल, तेव्हा पालघरच्या एखाद्या बँकेच्या शाखेत काउंटरसमोर पट्टा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला काय उत्तर मिळतं, तेही विचारा. पाव टक्का वर गेला की खाली आला, ते समिती ठरवेल. हा कागद चालतो की नाही, ते त्या काउंटरवर ठरतं, आणि नव्वद वर्षांच्या या इतिहासात ते तिथेच ठरत आलेलं आहे.